वनमहोत्सवात मुलांनी रोप लावावं की बी पेरावं?

मुरूमाटी:
वनमहोत्सव १ ते ७ जुलै. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली तो सुरू केला तो झाडं वाढावीत म्हणून. माझं मत स्पष्ट आहे: पहिली ते चौथीच्या मुलांना डोंगरावर नेऊन रोपं लावून घेऊ नका, शाळेतच बी पेरून घ्या. नाशकात नेमक्या याच दिवसांत लिंबोळ्या पडतात. कडुनिंबाचं बी साठवता येत नाही, काही आठवड्यांतच उगवणशक्ती जाते. त्यामुळे तारीख आणि बी दोन्ही जुळतात. पिवळी लिंबोळी पाण्यात चोळून गर काढा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा. ५ बाय ८ इंची पिशवीला खाली भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत भरा. बी अर्धा इंच खोल, आडवं ठेवा. मुलांच्या हाताला जमणारं काम आहे हे. जांभळाच्या बियांचंही असंच, ताज्याच पेरा.

गोदाकाठ:
पटत नाही. मे महिन्यात शाळा बंद असते, पिशव्यांना पाणी कोण घालणार? पिशवी वीतभर मातीची, दोन दिवसांत कोरडी ठाक. शिवाय कडुनिंबाचं सोटमूळ खाली टेकलं की वेटोळं घालतं, मग लावूनही झाड पुढे धड उभं राहत नाही. त्यापेक्षा तीन-चार फुटी रोप लावा, सप्टेंबरपर्यंत पाऊसच पाणी घालतो. खड्डा मात्र मोठ्यांनी मे महिन्यातच खणून ठेवायचा, दोन फूट लांब-रुंद-खोल. पांडवलेणीकडच्या मुरमात पावसाळ्यात ऐनवेळी नुसतं खुरपं चालत नाही, पहार लागते. दोन घमेली शेणखत आणि वरची माती भरा. पिशवी ब्लेडने मोठ्यांनी कापायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. पिशवीत जेवढं खोड मातीत होतं तेवढंच गाडा, जास्त गाडलं तर साल कुजते. चार मुलांना एक रोप पुरे.

रानवाट:
गोदाकाठ, खड्डा बरोबर, पण जागा? डोंगरउतारावर जानेवारीनंतर गवत वाळतं आणि वणवा लागतो. रोपाभोवती तीन फूट गवत काढून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) घेतली नाही तर सगळं जळतं. उन्हाळ्यात आठवड्याला दहा लिटर पाणीही वर न्यावं लागतं. शाळेच्या कुंपणालगत लावा, तिथे नळ असतो. आणि गुलमोहर, गिरीपुष्प नकोत, दोन्ही बाहेरून आलेली झाडं. करंज, बहावा, आपटा लावा.

निफाडकर:
आमच्याकडे काळी माती. खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात. म्हणून उंचवट्यावर लावायचं, पावसाळ्यात आळं करायचंच नाही. ते ऑक्टोबरात करा.

मुरूमाटी:
गोदाकाठ, मे महिन्याचा मुद्दा मान्य. पिशव्या झाडाखाली एकत्र, अर्ध्या मातीत पुरून ठेवल्या तर ओल टिकते, पण पाणी तरीही घालावंच लागेल. ती जबाबदारी शिपाईमामांवर ढकलायची नाही, पालकांनी वाटून घ्यायची. वेटोळ्यासाठी पिशवी महिन्यातून एकदा जागेवरून हलवा आणि बाहेर आलेलं मूळ छाटा. डोंगराला माझा विरोध कायम आहे.