धप धप टाळी: क्वीन या बँडचं एवढं काय आहे?

ताशाची_तर्री
प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतो. आमच्या पथकाचा सराव नदीपात्रात सुरू झालाय. परवा पाऊस आला म्हणून ढोलांवर ताडपत्री टाकली आणि सगळे पत्र्याच्या शेडखाली जमलो. चहा यायचा होता. एका पोरानं फळीवर दोनदा पाय आपटला, एक टाळी वाजवली. धप धप टाळी, धप धप टाळी. मिनिटभरात ३५-४० पोरंपोरी त्यात. ताशा नाही, शिट्टी नाही, कुणी शिकवलंही नाही. आम्हाला पहिला ठेका एकसारखा बसवायला ३ आठवडे लागतात हो!

विचारलं तर म्हणाले, "दादा, क्वीनचं आहे." शोधलं तर गाणं 'वी विल रॉक यू', १९७७ चं निघालं, आणि ही पोरं २००५ नंतर जन्मलेली. माझं इंग्रजी गाण्यांचं ज्ञान शून्य. या बँडचं एवढं काय आहे? सुरुवात कुठून करू? टोमणे कमी मारा.

कॅसेटचा_खोका
तर्रीराव, एकच मारतो: पाऊस पडला नसता तर तुम्हाला क्वीन कळायला आणखी ५० वर्षं लागली असती.

माझ्याकडे यांची पहिली कॅसेट १९८६ मध्ये आली. मावसभावानं मुंबईहून कुणाकडून तरी भरून आणलेली. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात टेप एकच, आणि त्याचा पट्टा सैल. सगळं अर्ध्या सुरानं खाली आणि जरा रेंगाळत वाजायचं. दोन वर्षं मी समजत होतो की हा गायक खर्जातला आहे. मित्राकडे चांगल्या टेपवर ऐकलं तेव्हा 'तुझा टेप पळतोय' म्हणून त्याच्याशी भांडलो. अजूनही फ्रेडी मर्क्युरी वरच्या पट्टीत गेला की मला उगाच अपराधी वाटतं.

आता तुमचं धप धप टाळी. ते ब्रायन मे या गिटारवाल्याचं. १९७७ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपला तरी लोक हलेनात, उलट बँडलाच गाऊन दाखवायला लागले. मे विचारात पडला की दाटीवाटीनं उभा असलेला माणूस करू काय शकतो? पाय आपटेल, टाळी वाजवेल, गाईल. मग गाणं तेवढ्यावरच रचलं. ड्रम नाहीतच, गिटारही अगदी शेवटी.

रेकॉर्डिंग उत्तर लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या इमारतीत झालं. तिथं पडलेल्या फळ्यांवर यांनी पाय आपटले, पुन्हा पुन्हा, थरावर थर. (तुमच्या पोरालाही फळीच सापडली, बघा.) मे हा मुळात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, बँडपायी अर्धवट सोडलेली पीएचडी त्यानं २००७ मध्ये पुरी केली, तीही सूर्यमालेतल्या धुळीवर. त्यानं त्या आवाजाला प्रतिध्वनी दिला नाही. मूळ संख्यांच्या हिशेबानं वेगवेगळ्या उशिराच्या नकला जोडल्या. त्यामुळे घुमल्यासारखं वाटत नाही, हजार माणसांच्या मधोमध उभं असल्यासारखं वाटतं. जवळचा पाय आधी, लांबचा मागून.

हे तुम्हाला मी काय सांगायचं? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथक ७० मीटर लांब पसरलं तर मागच्या रांगेला पुढचा ताशा ०.२ सेकंद उशिरा पोचतो. तो उशीर मारायला तुम्ही शिट्ट्या फुंकून घसा सुकवता. या बाबानं तोच उशीर मोजूनमापून रेकॉर्डवर चढवला! शिवाय टाळीनंतर श्वासाएवढी जागा मोकळी सोडलीय. मागे पडलेला तिथं येऊन मिळतो. हा माझा तर्क, पण सरावात करून बघा.

सुरुवात करा ती १३ जुलै १९८५ च्या वेंब्लीपासून, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेला लाइव्ह एडचा कार्यक्रम. जेमतेम २० मिनिटं, समोर ७२,००० च्या आसपास माणसं. शाहिरामागे झीलकरी असतात ना, तसं फ्रेडी नुसतं 'ए-ओ' म्हणतो आणि अख्खं मैदान झील धरतं. शब्दच नाहीत, तेव्हा इंग्रजी येतं की नाही हा प्रश्न मिटला. मग १९७५ चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. एवढं लांब गाणं रेडिओवर वाजणार नाही असं कंपनीचं म्हणणं होतं. ते ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिल्या नंबरावर बसलं. बँडमधल्या चौघांनीही गाजलेली गाणी लिहिलीत, म्हणून एका ताटात चार चवी लागतात.

टेबललँड_वारा
काका, एवढं सांगितलंत आणि पाचगणी विसरलात? फ्रेडी म्हणजे फारूख बलसारा, पारशी, जन्म १९४६, झांझिबारचा. शिकला आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, बोर्डिंगला. फ्रेडी हे नाव तिथंच पडलं. तिथंच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड, हा पियानोवर. घरचे १९६४ मध्ये इंग्लंडला गेले. पुण्याची मंडळी दर मे महिन्यात येतात, स्ट्रॉबेरी क्रीम खातात, पॉइंट बघतात आणि त्या शाळेवरून गाडी नेतात.

शनिवारची_शंका
आरती झाली असेल तर दोन शब्द. फ्रेडीबरोबरचा शेवटचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६, नेबवर्थ. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला, एड्सनं. आजार जाहीर केला तो आदल्या दिवशी. बास गिटारवाला जॉन डीकन पुढं १९९७ मध्ये बाजूला झाला, आणि माझ्या मते चौघांत शहाणा तोच. उरलेले दोघं, मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर, अॅडम लँबर्टला गायक म्हणून घेऊन फिरतात, तो गातो छानच, पण पाटी जुनी आणि आचारी नवा. आणि १९८४ मध्ये वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन वाजवलं, तेही लिहा की.

कॅसेटचा_खोका
सन सिटीचं मान्य, तिथं बचाव नाही. पण आचाऱ्याचं नाही पटलं. लोक तिथं गायला जातात हो, ऐकायला नाही.

ताशाची_तर्री
सर्वांचे आभार. काल करून बघितलं. ५० जणांना नदीकाठानं लांबच लांब उभं केलं, मी शेवटी. पुढच्यांची टाळी मला उशिरा ऐकू आली, हे खरं. तरी कुणी घसरलं नाही. मग लगेच आमचा ठेका लावला आणि चौथ्या आवर्तनाला मागची रांग गडगडली. ठेक्यात कुठं जागा सोडता येईल यावर आज ताशेवाल्यांशी वाद घालणार आहे.

काका, रविवारी साडेसहाला या. येताना ती सैल पट्ट्याची कॅसेट आणा, पोरांना बघायचीय.

कॅसेटचा_खोका
येतो. कॅसेट आणतो, टेप मात्र १९९४ मध्येच भंगारात गेला. आणि कानात कापूस घालून येणार, आधीच सांगून ठेवतो.