रेब्युशिया मिनस्क्युला: एकाच नावाची दोन इतकी वेगळी रोपं?

रानवाटा: निवडुंगाच्या दोन कुंड्यांवर एकच नाव आहे, रेब्युशिया मिनस्क्युला. एकाचे काटे जेमतेम दिसतात, फूल लालभडक. दुसरं लांब पांढऱ्या काट्यांनी पूर्ण झाकलेलं, फूल जांभळट गुलाबी. दोन्ही एकाच जातीची असू शकतात का? ओळखताना नेमकं काय बघायचं?

काटेवाला: नक्की असू शकतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शूमान यांनी 1895 मध्ये वर्णन केलेली ही वायव्य अर्जेंटिनातली जात फारच बदलती आहे. सेनिलिस, व्हायोलासिफ्लोरा, क्रायन्झियाना ही आधी स्वतंत्र मानलेली नावं आता बरेच जण हिच्यातच धरतात. तुमचं पांढरं रोप सेनिलिसकडे झुकणारं वाटतं.

काटे आणि रंग तूर्त बाजूला ठेवा. खोड चपटं गोल, साधारण 5 सेंमी रुंद, माथा किंचित खोल. सरळ उभ्या धारा नसतात. बुटके उंचवटे मळसूत्रासारखे फिरत जातात. काटे नेहमीच्या रूपात 2–3 मिमीचे, एका जागी 25–30. सेनिलिसमध्ये मात्र 3 सेंमीपर्यंत जातात. फुलं माथ्यावर येत नाहीत, बुडाजवळच्या जुन्या काट्यांच्या गादीतून येतात.

खरी खूण फुलात आहे. 10 पट भिंगाने फुलाच्या नळीचं बूड बघा. मिनस्क्युलात ते जवळजवळ गुळगुळीत असतं. तिथे केस आणि राठ काटे दिसले, तर रोप आयलोस्टेरा या जवळच्या निवडुंग गटातलं. तरी शंका राहिली तर एक फूल ब्लेडने उभं चिरा. आयलोस्टेरात मधली परागवाहिनी खाली नळीला चिकटलेली असते, इथे ती तळापर्यंत मोकळी असते.

सावलीपान: मोजमाप निरोगी रोपाचंच घ्या. कमी उजेडात खोड उंच होतं, उंचवटे लांब-लांब जातात, काटे विरळ होतात; अशा रोपावरून प्रकार ठरवणं व्यर्थ. माथ्याजवळ गंजासारखा तपकिरी थर असेल तर तो लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडीचा डाग आहे, जातीचं लक्षण समजू नका.

रानवाटा: दोन्हींच्या बुडाशी तांबूस टोकं दिसताहेत. कळ्या की पिल्लं (बुडाशी फुटणारी छोटी रोपं)?

काटेवाला: कळी टोकदार आणि खवल्यांची असते, पिल्लावर लवकरच बारीक काटे दिसतात. कळी स्पष्ट होईपर्यंत पाणी देऊ नका; घाई केली तर कळीचं पिल्लू होऊ शकतं. हिवाळ्यात 5–10 अंशांत कोरडं ठेवलं तरच भरपूर फुलतं.

एक महत्त्वाचं: ही जात स्वतःच्याच परागांनी बी धरते, पण दोन्ही रोपं एकत्र फुलली तर संकरही होतो. बी कुंडीतच सांडून उगवतं. त्यामुळे शुद्ध रूप टिकवायचं असेल तर पिल्लूच काढा, कापलेली जागा 5–7 दिवस वाळवून लावा, आणि आपोआप उगवलेल्या रोपांवर आईचं लेबल लावू नका.