मदत हवी आहे: गुहागरजवळ ११ गुंठ्यांच्या परड्यात फळझाडांचं रान करायचंय, बेत तपासून द्याल का?

गडग्याआतली

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात आमचं घर आहे, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. मी डोंबिवलीत असते, दीड-दोन महिन्यांनी एखादी खेप होते. आई मात्र बारा महिने गावी. वय ६८, उत्साह माझ्यापेक्षा जास्त, गुडघे मात्र कुरकुरतात.

घरामागे ११ गुंठे जागा आहे. तीन बाजूंना जांभ्याचा गडगा. चौथ्या, खालच्या बाजूला पऱ्या (ओढा), तिकडे कुंपण नाहीच. जमिनीला उतार आहे, घराकडून पऱ्याकडे. विहीर खालच्या अंगाला. मार्च संपला की पाणी तळाला जातं, एप्रिल-मेमध्ये पंप सकाळी तासभर चालला तरी खूप.

सध्या उभं काय आहे, तर विहिरीजवळ बाबांनी लावलेले दोन माड, एक जुना रायवळ आंबा, एक बरका फणस आणि एक रातांबा (कोकमाचं झाड). या रातांब्याला पंधरा-सोळा वर्षांत एकही फळ धरलेलं नाही. आई त्याला ‘वांझोटा’ म्हणते. तो काढून तिथे दुसरं काही लावावं असं मनात आहे.

गेले सहा महिने मी सात थरांच्या जंगलाचे व्हिडिओ बघतेय. त्यावरून हा बेत केला: ६ हापूस, ८ माड, ३० सुपारी, ४ काजू, ३ कोकम, २ चिकू, २ जायफळ, आणि निरफणस, जांभूळ, पपनस एकेक. खाली केळी, अननस, हळद, आलं, सुरण. झाडांवर मिरी. सगळं दहा-दहा फुटांवर, कारण ‘दाट लावलं की जंगलासारखं आपोआप वाढतं’ असं त्यात सांगतात.

हे जास्त होतंय का? आणि एकदम लावायचं की टप्प्याटप्प्याने? मे महिन्यात जाऊन खड्डे मारून घ्यायचा विचार आहे.

वेंगुर्ल्याचो

तुमचो बेत बघलंय. आधी गुणाकार करूया, मग बोलूया.

एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. हापूसच्या कलमाला जुन्या पद्धतीने दहा मीटरचं अंतर ठेवलं, तर एका कलमाला अख्खा गुंठा गेला. सहा कलमं, सहा गुंठे. माडाला साडेसात मीटर, म्हणजे एकाला ५६ चौरस मीटर. आठ माडांना साडेचार गुंठे. झाली बेरीज साडेदहा. तुमचं परडं इथेच संपलं, अजून काजू, चिकू, जांभूळ रांगेत उभे आहेत.

माडाखाली आणि दोन माडांच्या मधे बरंच काही लावता येतं, हे खरं. पण कलमाखाली आणि काजूखाली तसं होत नाही. त्यांना डोक्यावर ऊन लागतं आणि स्वतःची सावली ती कुणाला वाटून देत नाहीत.

दहा फुटांवर लावलेला काजू मी पाहिलाय. उंच, काटकुळा, आणि बोंडू फक्त शेंड्याला. ते वानरांसाठी ठीक.

माडाखालचा

ताई, तुम्ही व्हिडिओत बघितलेलं जंगल आपल्याकडे ‘आगर’ या नावाने शेकडो वर्षं आहे. वर माड, त्याखाली सुपारी म्हणजे पोफळ, माडा-पोफळींवर चढलेली मिरी, मधे जायफळ आणि केळी, जमिनीवर अननस, हळद, अळू. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे. नारळात मसाल्याची झाडं घेण्याच्या तिथल्या पद्धतीला ‘लाखी बाग’ म्हणतात. डोंबिवलीहून जाता-येता वाट वाकडी करा आणि एकदा तिथे उभ्या राहून वर बघा. कोणत्या थरावर किती ऊन पडतं ते दहा मिनिटांत कळेल.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. माती किती खोल आहे? पहार घेऊन पाच-सहा ठिकाणी ठोकून बघा. पहार कुठे ‘ठण्ण’ वाजते त्यावर सगळं आहे.

गडग्याआतली

गुणाकार वाचून लाज वाटली. शाळेत गणित शिकवते मी.

आईला फोन केला, तिने शेजारच्या काकांकडून पहार मारून घेतली. घराकडच्या वरच्या अर्ध्या भागात दीड-दोन फुटांवर कातळ. मधे तीन-साडेतीन फूट. विहिरीच्या खाली, पऱ्याकडे पहार पूर्ण गेली. काळसर माती आहे, पावसाळ्यात तिथे पाय रुततो, पण पाणी साचून राहत नाही.

कातळावरचा

आता खरं काम सुरू झालं. माझं मत थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

थर, उंची हे सगळं नंतर. आधी झाडांच्या दोन जाती करा: उन्हाळ्यात पाणी मागणारी आणि पाणी दिलं तर रुसणारी. माड, पोफळ, जायफळ, केळी, निरफणस, पपनस ही पहिल्या जातीतली. आंबा, काजू, रातांबा, जांभूळ, करवंद दुसऱ्या. दुसऱ्या जातीला पहिले दोन-तीन उन्हाळे जगवायचं, पुढे ती आपलं आपण बघतात.

आंब्याचं तर याहून पुढे आहे. पाऊस गेल्यावर जमीन सुकते, त्या ताणाने काडी पक्व होते आणि थंडी पडली की मोहोर येतो. त्याच दिवसांत शेजारच्या पोफळींना तुम्ही रोज पाट सोडलात, की कलमाची मुळं ते पाणी पितात आणि मोहोराऐवजी पालवी फुटते. झाड हिरवंगार, बघायला छान, आणि आंबा नाही. माझ्या भावाने घरामागे अशी मिसळ केली होती. पाच वर्षं तो औषधवाल्यांना दोष देत होता.

म्हणून तुमच्या परड्याचे दोन भाग उतारानेच पाडून दिलेत. खाली पऱ्याकडे आगर, वर कातळाकडे कोरडवाहू. मधली पट्टी फणस, चिकू, लिंबू अशा मधल्या स्वभावाच्या झाडांना.

वर दीड फूट मातीत कलम लावायचं तर सुरुंग लावून किंवा ब्रेकरने मीटरभराचा खड्डा काढून बाहेरची माती भरावी लागेल. दोनच खड्डे असे करा, जास्त नको. घरात खायला दोन कलमं पुष्कळ. त्यातही एक ‘रत्ना’ घ्या. कोकण कृषी विद्यापीठाचा नीलम-हापूस संकर आहे, फळात साका (आतला गर खराब, स्पंजसारखा होणं) होत नाही, आणि हापूससारखं एक वर्षाआड रुसणं कमी. दोन काजू, वेंगुर्ला ४ किंवा ७. कडेने करवंद. बस्स.

रायवळ अजिबात तोडू नका. सासव (मोहरी लावलेलं आंब्याचं कालवण) कशाचं करणार?

हिरवीगार_पनवेल

इतका विचार कशाला? मियावाकी करा! चौरस मीटरला तीन-चार रोपं, तीन वर्षांत घनदाट जंगल.

वेंगुर्ल्याचो

ती पद्धत रान उभं करायला आहे, खायला नाही. झाडं उजेडासाठी एकमेकांशी स्पर्धा करत वर पळतात, फळ धरायला फांदी पसरावी लागते. आणि ताईंच्या आईने जांभूळ काढायला चढायचं कुठे?

दिवेआगरकरीण

वाऱ्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितेय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. दुपारभरात वाडी उघडी. वरची सावली गेल्यावर खालची जायफळं जी वाचली होती तीही पुढच्या उन्हाळ्यात करपली. पोफळ नव्याने लावली तर धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर उत्पन्न शून्य.

तुमचं घर समुद्रापासून दीड किलोमीटर म्हणजे वारा लागणारच. पश्चिमेच्या गडग्यालगत उंडीची रांग लावा. फळ म्हणून उपयोग नाही (पूर्वी दिव्याला तेल काढत), पण खारा वारा ती अंगावर घेते. आणि ३० पोफळी एका वर्षी लावू नका. १० यंदा, पुढच्या दोन पावसाळ्यांत आणखी. वेगवेगळ्या वयाची झाडं असली की सगळी एकदम जात नाहीत.

पोफळीचं आणि जायफळाचं रोप थेट उन्हात टिकत नाही. या पावसाळ्यात आधी फक्त केळी लावा. वर्षभराने केळीची सावली झाली की तिच्या आडोशाला ती दोन्ही.

माडाखालचा

आईंच्या कष्टाचा हिशेब मी करतो. तुमच्या मूळ बेतात खालची हळद-केळी सोडून ५८ झाडं. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्यातून दोनदा एक बादली धरली तर ११६ बादल्या. पंप तासभर, गुडघे कुरकुरणारे. कोण ओतणार? धरत्या माडाला तर उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर लागतं, म्हणून नवे माड दोनच, तेही विहिरीच्या खाली.

मोरीचं आणि भांडी घासायचं पाणी कुठे जातं सध्या? जुन्या घरांत मोरीच्या पाटावर केळ आणि अळू असायचंच. पाण्याचा तो हप्ता कुणी न ओतता रोज मिळतो. निरफणस तिथेच लावा.

वरच्या उतारावर आडवे चर मारा, दीड फूट रुंद, कातळ लागेल तेवढे खोल. त्यात पालापाचोळा भरा. हा पाला गोळा करून जाळायची आपली सवय आहे, ती सोडा. फक्त आच्छादन बुंध्याला टेकवू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर वाळवी थेट सालीवर.

शेणखताचा ढीग नव्या माडांपासून लांब ठेवा. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि माडाचा कोंब पोखरतो.

गडग्याआतली

मोरीचं पाणी सध्या पन्हळीतून सरळ पऱ्यात जातंय. आईला विचारलं तर म्हणाली, “तुझ्या बाबांनी बाथरूम नवीन केलं तेव्हाच मी बोलले होते.”

दोन शंका. वानरं आणि गुरं यांचं काय करू? आणि त्या रातांब्याबद्दल कुणीच बोललं नाही.

कातळावरचा

वानरांवर उपाय असता तर मी आज श्रीमंत असतो. मिरी, जायफळ, दालचिनी, हळद, आलं यांना ती सहसा हात लावत नाहीत. रानडुकरंही हळदीपेक्षा कणगी-करांद्यांसारख्या कंदांवर तुटून पडतात. केळी आणि पपनस घराजवळ, आईंच्या आवाजाच्या टप्प्यात.

गुरांचं सोपं आहे. भातकापणी झाली की ती मोकाट सुटतात, त्याआधी पऱ्याची बाजू बंद हवी. पहिल्या पावसात गिरीपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्या फूट-दीड फुटावर रोवून टाका, तिथेच फुटतात. नंतर छाटलेला पाला आच्छादनाला.

वेंगुर्ल्याचो

रातांबो तोडू नको गो बाय!

कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. तुमचा बहुतेक नर आहे. थंडीत फुलायला लागला की बघा: नर फुलं झुबक्याने येतात आणि मधे नुसते पिवळसर केसर. मादी फुलाच्या मधे छोटं हिरवं बोंड दिसतं, तेच पुढे फळ.

मादी झाडांना नर जवळपास लागतोच. म्हणजे तुमच्याकडे पंधरा वर्षांचा तयार नवरदेव उभा आहे आणि तुम्ही त्यालाच कापायला निघालात. त्याच्या आसपास ‘कोकण अमृता’ या कोकमाच्या जातीची दोन कलमं लावा. बियेचं रोप नको, मऊकाष्ठ कलमच. कलम घेताना शेंडा सरळ वर जातोय ना ते बघा. आडव्या फांदीच्या काडीवर बांधलेलं कलम जन्मभर आडवंच पसरतं. मी एका रोपवाटिकेतून असली तीन आणली, आठ वर्षं झाली, कमरेच्या वर गेली नाहीत.

जायफळाचंही हेच, नर-मादी वेगळी. तिथेही कलमच.

गडग्याआतली

रातांब्याची बातमी आईला सांगितली. ती बराच वेळ हसत होती, मग म्हणाली, “मेल्याला उगाच इतकी वर्षं बोल लावला.”

नवा बेत असा. या मे महिन्यात फक्त चर, दोन कलमांचे खड्डे आणि मोरीच्या पाण्याचा पाट. मृगाची पहिली सर झाली की गिरीपुष्प आणि उंडी. पाऊस जरा स्थिरावला की १ हापूस, १ रत्ना, २ काजू, २ कोकम, २ माड, पाटावर केळी आणि निरफणस. रायवळावर आणि जुन्या माडांवर मिरी. हळद, आलं, सुरण मधल्या पट्टीत, कारण थंडीत काढून झालं की त्यांना उन्हाळ्यात पाणी नको. १० पोफळी आणि २ जायफळं पुढच्या वर्षी केळीखाली. चिकू, पपनस, जांभूळ वहीत.

आता फक्त एकच. मिरीचे वेल झाडाच्या कुठल्या बाजूला लावू?

माडाखालचा

उत्तरेला किंवा ईशान्येला, बुंध्यापासून हातभर अंतरावर. दक्षिण-पश्चिमेचं दुपारचं ऊन कोवळ्या वेलाला भाजतं. पन्नियूर १ ही मिरीची जात मिळाली तर घ्या. फणसाची साल खरखरीत असते, मिरी तिला चांगली धरते. एक वेल त्यावरही सोडा.

दिवेआगरकरीण

आणि निरफणस लावताना वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघून घ्या. आमचा दरवर्षी छाटून जातात.