ट्रेल ब्रेकिंग: ब्रेक नेमका सोडायचा कसा?

नमस्कार मंडळी, ट्रेल ब्रेकिंगसाठी, म्हणजे थोडा ब्रेक धरून वळणात शिरायचं आणि तो हळूहळू सोडायचा यासाठी, मदत हवी आहे.

गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, मॅन्युअल, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. सरळ पट्ट्यात ब्रेकिंग उरकायचं, पाय पूर्ण काढायचा आणि मग स्टीअरिंग वळवायचं, असं शिकलोय. वेगवान वळणांना हे चालतं. पण लांब सरळ पट्ट्यानंतरच्या हेअरपिनला (जवळजवळ उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणाला) गाडी आत यायलाच मागत नाही. एपेक्स (वळणाचा सगळ्यात आतला बिंदू) गाडीभर लांब राहतो. स्टीअरिंग आणखी वळवलं तर पुढचे टायर नुसते किंचाळतात, दिशा तीच.

कारण कळतं. ब्रेक सोडला की पुढे आलेलं वजन मागे जातं आणि ऐन वळताना पुढची पकड कमी होते. म्हणून थोडा ब्रेक धरून आत शिरायला बघतो, तर एबीएस पायाखाली थरथरतं. दाब धरून स्टीअरिंग जरा जोरात दिलं तर मागची बाजू सुटू पाहते. मधला मार्ग पायाला सापडत नाहीये. सराव कसा करावा? मागचं सुटलंच तर काय करायचं?

उत्तर १

एबीएस थरथरतंय म्हणजे वळताना दाब फारच जास्त आहे. टायरची पकड ब्रेक आणि वळण दोघांत वाटली जाते. स्टीअरिंग जितकं वाढेल तितका ब्रेक सुटत गेला पाहिजे, एपेक्सच्या आसपास शून्य. सगळ्यात जोराचा दाब सुरुवातीला, गाडी सरळ असतानाच.

सरावाला वेग कमी ठेवा आणि शक्यतो गिअर न बदलता करा. हील-टोच्या (पंजाने ब्रेक धरून त्याच पायाच्या टाचेने थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, देण्याच्या) भानगडीत ब्रेकवरचा दाब हलतो आणि मग काय चुकलं तेच कळत नाही. आधी फक्त शेवटचा हलका दाब वळणात न्या. तो जमला की वाढवा. वेगवान वळणांत हा प्रयोग आत्ता नको.

मागचं सुटलं तर स्टीअरिंग घसरण्याच्या दिशेला द्या, ब्रेक सोडा, अलगद थ्रॉटल द्या. घाबरून थ्रॉटल सोडलात तर गाडी फिरलीच म्हणून समजा.

पेडल कसं लागतं? मऊ लागत असेल तर आधी ब्रेक फ्लुइड बदला, ते उकळलं की पेडल मऊ होतं. डॉट 4 या प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान 230 अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर किमान 155. स्पंजी पेडलवर हे शिकणं म्हणजे नुसता वैताग.

धागाकर्ता

धन्यवाद! पेडल दिवसाच्या शेवटी मऊ होतं खरं, फ्लुइड बदलतो. गिअरचंही पटलं, ब्लिप (गिअर उतरवताना थ्रॉटलला क्षणभर झटका) देताना गाडीचं नाक हलतं. डाव्या पायाने ब्रेक करून बघू का, की एवढ्यात नको?