आईच्या गुडघ्यांसाठी ‘सेनोलिटिक’ कॅप्सूल, द्यावी का?

वाटचुकार:
नमस्कार मंडळी, आमचे दाजी न्यू जर्सीहून आलेत आणि येताना आईसाठी एक डबी घेऊन आलेत, वर मोठ्या अक्षरात सेनोलिटिक, मागे बारीक अक्षरात क्वेरसेटिन आणि फिसेटिन. आई 67 ची, दोन्ही गुडघे कामातून गेलेत, जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी. दाजींचं म्हणणं, अंगात झॉम्बी पेशी साचतात, त्या याने मरतात आणि सांधा परत तरणा होतो. यूट्यूबवर बघितलं तर जिकडे तिकडे उंदीरच पळतायत. माणसांचं काय? आई तर जावयाचं मन कशाला मोडा म्हणून घ्यायला तयारच आहे 😅

पेशीवाला:
झॉम्बी हे नाव यूट्यूबवाल्यांचं लाडकं असलं तरी पेशींची भानगड खरी आहे. 1961 साली फिलाडेल्फियात हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी लॅबमध्ये वाढवल्या तर पन्नासेक वेळा विभागतात आणि मग थांबतात, मरत नाहीत, नुसत्या बसून राहतात. टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरची टोपणं, झिजले की असं होतं, डीएनएला मार बसला किंवा कॅन्सरचं एखादं जीन चालू झालं तरी होतं, म्हणजे मुळात ही कॅन्सर रोखायची सोय आहे. घोळ पुढे होतो. या पेशी गप बसत नाहीत, इंटरल्युकिन-6 सारखी सूज वाढवणारी रसायनं आणि कूर्चा कुरतडणारी एन्झाइम्स सोडत राहतात, त्याने शेजारच्या धडधाकट पेशी पण बिघडायला लागतात, आढीतल्या एका नासक्या आंब्यासारखं. तरुणपणी इम्यून सिस्टीम त्यांना उचलून नेते, वय झालं की साचत जातात.
2011 मध्ये मेयो क्लिनिकने असे उंदीर बनवले की एक औषध दिलं की फक्त पी16 नावाचं प्रथिन बनवणाऱ्या, म्हणजे याच पेशी मरायच्या, आणि लवकर म्हातारे होणाऱ्या त्या उंदरांची तब्येत सुधारली. 2016 ला साध्या उंदरांवर केलं तर ते जास्त जगले पण. त्यामुळे दाजी अगदीच हवेत बोलत नाहीयेत.

खडूसकाकू:
अहो पण प्रश्न गुडघ्याचा आहे ना, मग गुडघ्याचंच बोलू. युनिटी बायोटेक्नॉलॉजी म्हणून अमेरिकन कंपनी होती, त्यांचं यूबीएक्स0101 नावाचं औषध थेट सांध्यात टोचायचं. उंदराचा लिगामेंट कापून गुडघा बिघडवायचा आणि हे द्यायचं, 2017 चे रिझल्ट एकदम झकास. मग माणसांवर घेतलं, 183 पेशंट, काहींना औषध काहींना प्लासिबो म्हणजे औषध नसलेलं नकली इंजेक्शन, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये निकाल आला की 12 आठवड्यांनी दुखण्यात दोन्हीकडे फरकच नाही. आता बोला! सांध्यात सुई घालून जे जमलं नाही ते पोटातून कॅप्सूल कसं करणार? आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं, त्यामुळे ‘मला फरक पडला’ यावर जाऊ नका.

वाटचुकार:
धन्यवाद काकू. पण क्वेरसेटिन तर कांद्यात पण असतं म्हणतात, मग नुकसान तरी काय? नाहीतर कांदाच वाढवतो जेवणात.

पेशीवाला:
असतं की, पण 100 ग्रॅम कांद्यात साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम. 2019 मध्ये फुफ्फुसं घट्ट होत जाणाऱ्या आजाराच्या 14 पेशंटना दिलं तेव्हा डोस होता दिवसाला 1250, म्हणजे तीन ते सहा किलो कांदे, घर लासलगावलाच घ्यावं लागेल 😄 आणि मुख्य म्हणजे ते एकटं नव्हतं, जोडीला दासाटिनिब होतं. हे ब्लड कॅन्सरचं औषध, प्लेटलेट उतरतात, छातीत पाणी होऊ शकतं, त्याच्या वाटेला घरच्या घरी चुकूनही जाऊ नका. ते लोक नंतर जरा जास्त चालले, पण त्यात प्लासिबो ग्रुपच नव्हता. 2024 ला हीच जोडी 60 बायकांना पाळी गेल्यानंतरच्या हाडांसाठी दिली, हाड झिजणं काही कमी झालं नाही, ज्यांच्यात या पेशी जास्त होत्या त्यांना मात्र थोडा फायदा दिसला. या सगळ्यात गोळ्या दोन-तीन दिवस आणि मग सुट्टी अशा दिल्या होत्या. तुमच्या डबीवर रोज एक असं लिहिलंय का बघा जरा.

वाटचुकार:
हो, रोज दोन! बरं अजून एक, पुढच्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्याचा काही संबंध?

खडूसकाकू:
हे आधी सांगायचं ना! डोळ्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही देऊ नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा. गुडघ्यासाठी फिजिओकडे न्या, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नियमाने केले तर दुखणं उतरतं, त्याला चांगला पुरावा आहे.

पेशीवाला:
काकूंना अनुमोदन. शिवाय या पेशी सगळ्याच वाईट नसतात, जखम झाली की तिथे थोड्या वेळापुरत्या तयार होतात आणि भरून यायला मदत करतात. 2014 मध्ये उंदरांतून त्या काढून टाकल्या तर जखमा उशिरा भरल्या. कॅप्सूलने एवढं होईलच असं नाही, पण ऑपरेशन तोंडावर असताना हा प्रयोग आईवर कशाला?