मदत हवी आहे: वाळवंटातल्या घरात बुरशी, फॉगिंग करू की भिंत कापू?

निळा_खजूर
तातडीने सल्ला हवा आहे. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटात मागच्या बाजूला काळपट-हिरवी बुरशी आली आहे. दार उघडलं की कुबट वास येतो. ब्लीचने पुसून काढली, तर थोड्याच दिवसांत परत आली आणि आधीपेक्षा जास्त पसरली. मुलीला रात्री खोकल्याची ढास लागते, डॉक्टर म्हणाले आधी खोलीचं बघा. दोन कंपन्यांची माणसं येऊन गेली. एक म्हणते फॉगिंग करू, म्हणजे खोलीत बुरशीनाशकाचं धुकं सोडू, नऊशे, दोन तासांत काम संपेल. दुसरी म्हणते भिंतीचा जिप्सम बोर्ड कापावा लागेल, खोली प्लास्टिकने बंद करावी लागेल, साडेसहा हजार. बाहेर रखरखीत वाळवंट आणि घरात बुरशी, हे कसं ते नंतर बघू. फॉगिंगने जाते की नाही, एवढंच सांगा. शनिवारी कुणाला तरी होकार द्यायचा आहे.

सोनोरन_पेठकर
साडेसहा हजार डॉलर? आधी विम्याचे कागद काढा. पाइप अचानक फुटला असेल तर बहुतेक पॉलिसी पैसे देतात, हळूहळू झिरपत असेल तर नाही. आणि कंपनीकडे आयआयसीआरसीचं (सफाई-दुरुस्तीवाल्यांना प्रमाणित करणारी संस्था) प्रमाणपत्र आहे का बघा. टेक्सास, फ्लोरिडात बुरशी काढणाऱ्यांना राज्याचा परवाना लागतो, आमच्या अ‍ॅरिझोनात तसा वेगळा परवाना नाही, त्यामुळे कुणीही व्हॅन रंगवून येतो. आमच्या भागात वर्षाला जेमतेम सात इंच पाऊस, तरी बुरशी येते, कारण पाणी आकाशातून नाही, घरातूनच येतं. पोटमाळ्यावरच्या एसीची पाणी जायची नळी तुंबलेली असते. भाडेकरू असाल तर मालकाला लेखी नोटीस द्या, तब्येतीचा प्रश्न असेल तर इथल्या कायद्याने त्याला पाच दिवसच मिळतात.

निळा_खजूर
डॉलर नाही हो, दिरहम. दुबई. भाड्याचा फ्लॅट, पोटमाळा वगैरे काही नाही. फॉगिंगचं कुणी सांगेल का?

दीरा_ते_दादर
दुबई म्हणजे वाळवंट खरं, पण समुद्राला लागून. ऑगस्टमध्ये रात्री बाल्कनीचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते ना? तेव्हा बाहेरचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो, २८-३० अंशांपर्यंत गेलेला असतो. ती हवा तुमच्या २२ अंशांच्या खोलीत शिरली की भिंतीवर पाणी धरणारच. सुट्टीत एसी बंद करून भारतात गेला होतात का? इथल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. चिलरचं (एसीला थंड पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेचं) बिल वाचवायला लोक सगळं बंद करून जातात आणि परत येतात तेव्हा चामड्याच्या चपला, बॅगा, सोफा, सगळ्यावर भुरी.

निळा_खजूर
जुलै-ऑगस्ट पुण्याला होतो, एसी बंद होता. पण आता तर चोवीस तास चालू आहे, तरी वाढतेच आहे.

थंडगार_वारा
मी एसीच्या कामातच आहे. थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑन'वर आहे की 'ऑटो'वर? 'ऑन'वर असेल तर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही पंखा फिरत राहतो आणि कॉइलवर (एसीतल्या गार नळ्यांवर) जमलेलं पाणी परत खोलीत उडवतो. ऑटोवर करा, २४ ठेवा. १८ वर ठेवून दमटपणा जात नाही, उलट भिंती जास्त गार होतात. फॉल्स सीलिंगमधल्या युनिटचा ट्रे आणि पाण्याची नळी साफ करून घ्या, चिल्ड वॉटरच्या पाइपवरचं इन्सुलेशन फाटलंय का बघा. ९०% केसेस इथेच मिटतात. भिंत कापायची काही गरज नाही.

दापोलीकर_काकू
आमच्याकडे जून ते सप्टेंबर हेच चालतं. कपड्यांच्या घड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि कापराच्या पुड्या ठेवा. पैठणी असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, जुन्या मलमलच्या कापडात गुंडाळा आणि मधून मधून घडी मोडून सावलीत वारा द्या. जरीवर ओल बसली की ती काळी पडते.

मोजून_सांगतो
थंडगार_वारा, न बघता नव्वद टक्के कसं म्हणता? घामट हवेची बुरशी वरच्या कोपऱ्यात, व्हेंटभोवती, सगळ्या कपाटांत थोडी थोडी दिसते. यांची एकाच जागी आहे आणि पुसून परत येते. निळा_खजूर, तीन गोष्टी सांगा. कपाटाच्या मागे कोणती खोली? डाग खालून वर आलाय की वरून खाली? स्कर्टिंगचं, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीचं, लाकूड कसं आहे?

निळा_खजूर
मागे बाथरूम, शॉवरची बाजू. डाग खालून गुडघ्यापर्यंत. स्कर्टिंग फुगून पुढे आलंय, नखाने दाबलं तर आत जातं.

मोजून_सांगतो
मग शॉवरचं पाणी झिरपतंय, असा माझा दाट संशय आहे. खात्री घरीच करता येते. बुरशीच्या वर, जिथे रंग स्वच्छ दिसतो तिथे, पातळ प्लास्टिकचा वीतभर चौकोन चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला पाणी धरलं तर ते खोलीतल्या हवेचं. आतल्या बाजूला, भिंतीकडे धरलं तर ते भिंतीतलं. तोपर्यंत कुणालाही होकार देऊ नका. फॉगिंगने वरवरची मरेल, पण मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जी देते, ती काढावीच लागते. आणि पाणी चालू असेल तर नवी उगवेलच.

थंडगार_वारा
दोन्ही असू शकतं एवढंच माझं म्हणणं. पंखा ऑटोवर करायला पैसे पडत नाहीत.

रोखठोक_राणी
ब्लीच नीट मुरू दिलं असतं तर गेली असती. मी आमच्या बाथरूममध्ये नेहमी तेच वापरते, दुसरं काही लागत नाही.

मोजून_सांगतो
टाइल्सवर वरवरची निघते, कारण टाइल पाणी पीत नाही. जिप्समला कागद असतो. ब्लीचमधलं पाणी आत जातं आणि तो कागदच बुरशीचं अन्न. अमेरिकेची ईपीए (सरकारी पर्यावरण संस्था) सुद्धा ब्लीच सरसकट वापरू नका म्हणते. त्यांच्या मते दहा चौरस फुटांपेक्षा कमी डाग असेल तर माणूस स्वतः साफ करू शकतो, पण तो दिसणारा डाग, भिंतीच्या आतलं कुणी पाहिलंय? आणि कुणीही ब्लीच अ‍ॅसिडबरोबर किंवा अमोनियाबरोबर मिसळू नका, विषारी वायू होतो.

सोनोरन_पेठकर
काळी म्हणजे विषारीच असं नाही, रंगावरून जात कळत नाही. प्रयोगशाळेत नमुने पाठवायला पैसे मागितले तर देऊ नका. जात कुठलीही निघाली तरी करायचं काम तेच. मात्र आमच्याकडचा व्हॅली फीव्हर वेगळा बरं का, तो मातीतल्या बुरशीचा, धुळीतून छातीत जातो...

मृदगंध_यूएई
व्हॅली फीव्हर इथे नको, धागा भरकटेल.

आमच्या व्हिलात २०२४ च्या एप्रिलमधल्या पावसाचं पाणी शिरलं होतं (१९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा पाऊस). आम्ही ते साडेसहा हजारवाल्यांसारखं काम करून घेतलं, म्हणून नीट सांगते. खोलीच्या दाराला जाड प्लास्टिकचा पडदा, त्याला उभी चेन. आत हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) मोठं मशीन, ते खोलीतली हवा खेचून नळीने खिडकीबाहेर टाकतं. त्यामुळे पडदा सतत आतल्या बाजूला ओढलेला दिसतो. तो ढिला पडला तर समजायचं की कण घरभर जाताहेत, मी येता-जाता तेवढंच बघायचे. एसीचं व्हेंट त्यांनी आधीच सील केलं. जिप्सम डागाच्या दोन फूट वरपर्यंत कापला. समोरून पांढरा स्वच्छ दिसणारा तुकडा उलटा केला तर मागचा कागद राखाडी केसाळ झालेला. मग हेपा व्हॅक्यूम, ओल्या फडक्याने पुसणं, परत व्हॅक्यूम, आणि मग नुसतं वाळवणं. शेवटची तपासणी काम करणाऱ्या कंपनीकडून घेऊ नका, दुसऱ्याकडून घ्या. आम्ही घेतली, एक कोपरा ओला निघाला, त्यांना परत यावं लागलं.

पैसे तुम्ही का देताय? दुबईच्या २००७ च्या कायदा क्रमांक २६ चं कलम १६ वाचा. करारात वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती घरमालकाकडे. करारात 'ठरावीक रकमेपर्यंत भाडेकरू' असं कलम बहुतेकदा असतं, ते आधी तपासा. फोटो, तारखा, मेल, सगळं लेखी ठेवा. नाहीच ऐकलं तर भाड्याचे वाद सोडवणारं रेंटल डिस्प्यूट्स सेंटर आहे.

निळा_खजूर
प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले. बाहेरची बाजू कोरडी. बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्याने शॉवरच्या जाळीचं तोंड उघडलं, तर खालच्या पाइपच्या सांध्यावरचं सील सुटलेलं. पाणी टाइलखालून थेट भिंतीत. फॉगिंगवाल्यांना नाही म्हणून कळवलं. ते आले तेव्हा बाथरूममध्ये डोकावलेसुद्धा नव्हते.

घरमालक प्लंबिंगचं आणि भिंतीचं द्यायला तयार आहे, पण म्हणतो लगेच बोर्ड लावून रंग देऊन टाकू. मुलगी आता आमच्या खोलीत झोपते. बोर्ड कोणता लावायला सांगू?

मोजून_सांगतो
त्या भिंतीला सिमेंट बोर्ड सांगा, निदान हिरवा ओलावारोधक जिप्सम तरी. पण लगेच नाही. आधी सांधा दुरुस्त, मग शॉवरच्या जाळीचं तोंड बंद करून पाणी भरून एक रात्र ठेवायचं, खाली उतरत नाही ना बघायचं. मग भिंत उघडीच ठेवून वाळवायची. ओलावा मोजायच्या मीटरवरचं रीडिंग घरातल्या दुसऱ्या कोरड्या भिंतीइतकं आलं की मगच बोर्ड. घरमालकाला हे मेलमध्ये लिहा, आणि दोन्ही भिंतींच्या रीडिंगचे फोटो जोडल्याशिवाय रंगवाल्याला घरात घेऊ नका.