प्रति: शर्यतीचं फोमचं मॉडेल विमान ३८० ग्रॅमवर गेलंय, मोठी बॅटरी लावू का?

मोठी बॅटरी नको, आधी शेपूट हलकी करा. गुरुत्वमध्यापासून (जिथे टेकवलं की विमान समतोल राहतं तो बिंदू) शेपूट नाकाच्या साधारण तिप्पट लांब असते, म्हणजे मागे १ ग्रॅम वाढला की पुढे ३ ग्रॅम शिसं कोंबावं लागतं. तुमचं वजन तिथेच वाढलंय, असा माझा अंदाज.

शेपटीला ६ ऐवजी ३ मिमी डेप्रॉन (हलका फोमचा पत्रा) घ्या, कडेला कार्बनची बारीक पट्टी. साधा सायनो गोंद (झटपट चिकटणारा, सुपरग्लूसारखा) चुकूनही नको, फोम विरघळतो. माझ्या पहिल्या पंखाला उंदराने कुरतडल्यासारखं भोक पडलं होतं! फोमसाठीचा वेगळा सायनो मिळतो. पांढरा गोंद दोन फोममध्ये कोंडला की हवेअभावी दुसऱ्या दिवशीही ओलाच. शिवाय त्याचं पाणी आत राहतं, ते वजन वेगळंच.

शर्यत सरळ रेषेत नाही, खांबाला वळसा घालताना हरतो आपण. ६० अंश कलून उंची राखत वळताना पंखावर दुप्पट भार येतो, स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखाची उचल तुटते) सुमारे ४१ टक्के वाढतो. जड विमान तिथेच गडगडतं.

बॅटरी पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ टक्क्यांवर आणा, मग उडवून सांगा.